उंच माणसांनी येऊ नये

भाद्रपदातली पौर्णिमा होऊन गेली की आमच्या इमारतीच्या जिन्यातला वास बदलतो. गणपतीत तिथे उदबत्ती आणि तुपाचा वास असतो. मग एका सकाळी दार उघडावं तर अळूची भाजी, आमसुलाची चटणी आणि वडे. कुणाच्या तरी सासऱ्यांची तिथी असते. हातात पान झाकून घेतलेली माणसं लिफ्टमध्ये भेटतात, गच्चीवर जातात, आणि अर्ध्या तासानं खाली येऊन कावळेच राहिले नाहीत हो, असं माझ्याकडे बघून म्हणतात, जणू मी कुठे लपवून ठेवलेत. खाली रस्त्याकडेला मांडवाचे बांबू पडलेले असतात आणि बांबूंसाठी खणलेले खड्डे तसेच. ऊन चटके देतं, तासाभरात कुठून तरी सर येते, आणि लगेच पुन्हा तेच ऊन. अंगाला चिकटलेला ड्रेस सोडवत रस्त्यावर उभं राहायचं, एवढंच या दिवसांत होतं.

मला हा पंधरवडा आवडत नाही. पितरांशी माझं भांडण नाही. माझे सगळे पितर शांत स्वभावाचे होते. माझं भांडण चार वर्षांपूर्वीच्या एका छोट्या स्कूटरवरून आहे, आणि पितृपक्ष लागला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. यंदा तर जास्तच, कारण आता तीच स्कूटर मी विकायला काढली आहे.

त्या वर्षी गणपती गेले आणि मला नोकरी लागली. बारा वर्षं घरी काढल्यानंतर, खराडीतल्या एका ऑफिसात, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची. तुम्हाला राग पटकन येतो का, असं मुलाखतीत विचारलं होतं. मी नाही म्हटलं. सकाळी साडेआठला खुर्चीत असायचं, आणि पहिल्या महिन्यात तीनदा उशीर झाला की नोकरी संपली, असा नियम होता. सही करताना त्यात मला काही कठीण दिसलं नाही. वाघोली ते खराडी अंतर ते केवढं! डोळ्यांसमोर होतं ते गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, आणि बारा वर्षांनी त्यावर एकटं छापलेलं माझं नाव. ती नोकरी मला किती हवी होती हे मी घरातही धड सांगितलं नव्हतं.

नगर रोडला अंतर नसतं, फक्त वेळ असतो. तो कधी वीस मिनिटं असतो, कधी सव्वा तास, आणि आज कोणता आहे हे रस्त्यावर उतरल्याशिवाय कळत नाही. बस यायची ती दारात लोंबकळणाऱ्या माणसांसकट. सीटवर नेणारी रिक्षा चौथं माणूस मिळेपर्यंत हलायची नाही, आणि चौथं माणूस नेमकं चहा पीत असायचं. माझा नवरा मंदार रांजणगावच्या कारखान्यात; त्याची कंपनीची बस पहाटेच, तीही उलट्या दिशेला. दुसऱ्याच दिवशी मला उशीर झाला. आठ एक्केचाळीस. यंत्रावर बोट ठेवलं तेव्हा तो आकडा लाल रंगात दिसला.

"गाडी घेऊ या. जुनी, छोटी," मी त्या संध्याकाळी मंदारला म्हटलं.

"आत्ता? पक्ष चालू आहे. थोडं थांब, दसऱ्याला नवीच बघू."

नवी गाडी आमच्या ऐपतीत बसत नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. मी म्हटलं, "आई, जुनीच गाडी आहे. नवी थोडीच घेतेय?" त्या म्हणाल्या, "अगं, गाडी जुनी असली तरी आपल्याला नवीच ना?" मी फोन मंदारच्या हातात दिला.

तरी मी शोधायला लागले. माझी उंची चार फूट दहा इंच. हे वाक्य शाळेतल्या कवायतीनंतर मी कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं; त्या दिवसांत रोज म्हणावं लागलं. हल्लीच्या स्कूटर उंच बायकांसाठी आणि त्याहून उंच नवऱ्यांसाठी केलेल्या असतात. बसले की एक पाय जमिनीला टेकायचा, तोही चवड्यावर, आणि दुसरा हवेत. नगर रोडवर दर वीस फुटांवर थांबायचं असतं. तिथे एका चवड्यावर कोण किती वेळ तग धरणार?

जुन्या गाड्यांच्या दुकानात मालकानं पहिला प्रश्न विचारला, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, गाडी मी चालवणार आहे. "हो, पण बघायला कुणीतरी पाहिजे ना, मॅडम." मग त्यानं एकेक गाडी दाखवली. ही डॉक्टरांची. ही पण डॉक्टरांचीच, लेडी डॉक्टर, फक्त क्लिनिकला जायच्या. त्या एका दुकानात अकरा डॉक्टरांच्या गाड्या होत्या. एकीचा आरसा नव्हता, दुसरीचा हॉर्न ब्रेक दाबल्यावर वाजायचा, आणि तिसरीच्या सीटखालून सेल्फ मारताच झुरळ निघालं. मालक म्हणाला, "चालू कंडिशन आहे."

खराडीतला एक आयटीतला मुलगा बेंगळुरूला चालला होता. त्याची गाडी खरंच चांगली होती. "मॅम, बेसिकली गाडी एकदम मख्खन आहे. फक्त लोनचं एनओसी यायचंय. दॅट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी." कधी येईल? "इन प्रोसेस आहे." तो कधीच बेंगळुरूला गेला असेल, एनओसी बहुधा अजून त्याच्या मागे धावत असेल. शिवाय पाय टेकत नव्हते.

आणि मग वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत ती ओळ दिसली. लहान स्कूटर विकणे आहे. एकहाती वापर. उंच माणसांनी येऊ नये.

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला वगळून बाकीच्यांना नको म्हटलं होतं. मी त्याच रविवारी शनिवार पेठेत गेले. एका स्वच्छ इमारतीच्या पार्किंगमध्ये जुन्या पडद्याची शिवलेली खोळ घातलेली गाडी, आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले जोगळेकर काका. सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून दोनच बोटं उंच. नजर अधू झाली म्हणून मुलीनं गाडी बंद करायचा हुकूम काढला होता, आणि तो त्यांना मुळीच मान्य नव्हता. पण मुलीपुढे चालत नाही, म्हणाले.

"बसा बघू," त्यांनी खोळ काढली.

मी बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट. काय वाटलं ते कसं सांगू? पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर बसून मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचाही रागच आला.

"राहता कुठे?"

"वाघोली."

"म्हणजे पुणे सोडूनच."

"आता महापालिकेत आलं, काका."

"कागदावर," ते म्हणाले. "ही गाडी संगम पुलाच्या पलीकडे गेलेली नाही. तुम्ही हिला नगर रोडला नेणार?"

"मला सकाळी साडेआठला खराडीत पोचायचं असतं. एकदा उशीर झालाय. तीनदा झाला की काढून टाकणार."

काका बराच वेळ डिकीतल्या फडक्याची उलटसुलट घडी करत राहिले. गाडी तुम्हालाच देणार, म्हणाले, पण घटस्थापनेला या. पंधरवड्यात मी वस्तू देत नाही, घेत नाही. मी कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. तुमचा विश्वास आहे का यावर, असं सरळ विचारलं.

"माझा नाही. आमच्या हिचा होता. तीन वर्षं झाली तिला जाऊन. जिवंत होती तोवर वाद घालायचो. आता एकतर्फी काय घालणार?"

परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात त्या माणसाला काय काय बोलले! खोळ घातलेली गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी, आणि मी इथे कुणाच्या तरी बगलेत नाक धरून. बुधवारी पाऊस आला, बस अर्ध्या वाटेत बंद पडली, आणि मला दुसरा उशीर झाला. टीम लीडर मुलगी सव्वीसेक वर्षांची होती, गोड होती. "मॅम, बी केअरफुल हं. तिसऱ्याला सिस्टीम ऑटोमॅटिक क्लोज करते. माझ्या हातात काही नसतं."

फोनवर माणसं ओरडायची. त्यांचं पार्सल चुकलेलं असायचं, मशीन बिघडलेलं असायचं. मी त्यांना म्हणायचे, "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत." एका बाईंनी विचारलं, "नुसतं दिलगीर होऊन काय होतं हो?" मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. ते काम मला येत होतं. कारण काय, तर मला सगळ्यांचाच राग समजत होता.

पुढे तिसरा उशीर झाला. अमावास्येच्या आदल्या दिवशी रस्त्यात पाण्याचा टँकर आडवा पडला, मी आठ बावन्नला पोचले, आणि यंत्रानं माझं बोट ओळखलंच नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीनं डोळ्यांत पाणी आणून सॉरी म्हटलं. ओळखपत्र परत घेतलं. घरी येताना बस रिकामी होती, खिडकी मिळाली, आणि वीस मिनिटांत मी वाघोलीत. दोन दिवसांनी घटस्थापना. गाडी मिळाली, आणि तिच्यावर बसून जायला जागा उरली नव्हती.

ही गोष्ट मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. भिशीत, लग्नात, जेवणाच्या पंगतीत. शनिवार पेठेतल्या एका म्हाताऱ्यानं पक्ष पंधरवडा म्हणून गाडी अडवली आणि माझी नोकरी घालवली. लोक चुकचुकतात, पेठेतल्या लोकांबद्दल दोन टोमणे मारतात, मीही त्यात तिसरा घालते. काकांचा आवाज काढून "कागदावर" म्हणते. हमखास हशा येतो.

पण गोष्ट इतकीच नाही. मधला एक दिवस मी कधीच सांगत नाही.

दुसरा उशीर झाला त्यानंतर दोनच दिवसांनी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. दुपारी काकांचा फोन आला. संध्याकाळी येऊन जा, म्हणाले, एवढंच. मी ऑफिसातून परस्पर गेले. त्यांच्या घरातही तोच वडे-खिरीचा वास. काका धुतलेल्या सदऱ्यात होते, आणि टेबलावर किल्ली होती.

"तिचं आज झालं," ते म्हणाले. "कावळा पहिल्या हाकेला आला. एरवी तास तास ताटकळत ठेवतो. तिला तुमची काळजी दिसते. तेव्हा न्या गाडी. पेट्रोल भरून ठेवलंय."

मी किल्ली हातात घेतली. तिला लोकरीचा एक लाल गोंडा होता, हातानं केलेला. गोंडा कुणी केला असेल ते विचारायची गरज नव्हती. मी खाली यावं, गाडी सुरू करावी आणि निघावं, एवढंच उरलं होतं. आणि मी, जी आठवडाभर सगळ्या जगाला शिव्या घालत होते, मी म्हणाले, "काका, आता सातच दिवस राहिलेत. इतकं थांबलेच आहे. घटस्थापनेलाच नेते."

का म्हणाले? आदल्या दिवशी नगर रोडवर एक स्कूटर ट्रकखाली आलेली मी बसमधून पाहिली होती. चालवणाऱ्याला काही झालं नव्हतं, तो बाजूला उभा राहून फोन करत होता. पण मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. मंदारचा आला. माझ्या आईचासुद्धा, आणि ती तर कधी काही बोलत नाही. उद्या मी कुठे पडले, नुसती खरचटले, तरी सगळे म्हणणार, तरी सांगत होतो. मी अपघाताला भ्याले नाही. पितरांना तर नाहीच नाही. मी त्या तीन शब्दांना भ्याले. आयुष्यभर भीत आलेय. बारा वर्षं घरी बसले त्यातली निम्मी त्या तीन शब्दांच्या धाकानंच बसले असेन.

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बघा बुवा," म्हणाले. "गाडी काय, इथेच आहे." आणि किल्ली उचलून ठेवली. सात दिवस पहाटे निघेन, असा हिशेब मी केला होता. चार दिवस जमलंही. पाचव्या दिवशी टँकर पडला.

घटस्थापनेला गेले तेव्हा काकांनी गाडीला झेंडूचा हार घातला होता. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. "आता साडेआठच्या आत पोचाल ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या माणसाच्या तोंडावर खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. संगम पूल ओलांडला आणि पुढे सगळ्या नगर रोडभर मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं रडले. पाय मात्र प्रत्येक सिग्नलला दोन्ही टेकत होते.

पुढे पाच महिन्यांनी वाघोलीतल्याच एका कॉलेजच्या कार्यालयात मला काम मिळालं. बरं काम आहे. घरापासून चालत सात मिनिटं. म्हणजे ज्या गाडीसाठी एवढा जीव काढला, तिची मला गरजच उरली नाही. ती पार्किंगमध्ये खोळ घालून उभी असते. काका आता मुलीकडे नाशिकला राहतात. दिवाळीत फोन करतात आणि माझ्याआधी गाडीची चौकशी करतात. गेल्या महिन्यात मी त्यांना विचारूनच विकायला काढली. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, लहान स्कूटर विकणे आहे, उंच माणसांनी येऊ नये.

परवा वैष्णवी आली, आईला घेऊन. पलीकडच्या आळीतली मुलगी, आमच्याच कॉलेजात शिकून गेलेली, आता खराडीत एका लॅबमध्ये लागली आहे. उंची माझ्याएवढीच. तिची आई पार्किंगमध्ये उभी राहून इमारतीकडे वर बघत म्हणाली, "हितं आमची ज्वारी असायची." मग गाडीवरून हात फिरवला. "गाडी झ्याक हाय, ताई. पर पंधरवडा हाय. घटाला नेऊ."

वैष्णवी गाडीवर बसली होती. दोन्ही पाय टेकले होते.

"किती वाजता पोचायचं असतं गं?" मी विचारलं.

"साडेआठ."

मी त्या माउलीशी वाद घालायला तोंड उघडलं, आणि काय सांगणार होते? मला कुणी अडवलं होतं? त्या दोघी गेल्या आणि मी दिवसभर भांडी आपटत राहिले. मंदार म्हणाला, "एवढं काय झालंय? आठ दिवसांनी नेतील." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

काल सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात वैष्णवी, पाठीला सॅक, डोक्यात हेल्मेट.

"ताई, किल्ली द्या ना."

"आई काय म्हणाली?"

"आईला म्हटलं, घटापर्यंत गाडी ताईंचीच. मी नुसती चालवते. घटाला हार घालून आपली करू."

"मग?"

"म्हणली, मग चालतंय की."

मी किल्ली दिली. लाल गोंड्यासकट. ती जिन्यानं उड्या मारत गेली आणि खाली गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी दारातच उभी राहिले. घटापर्यंत ताईंचीच. चार वर्षांपूर्वी काकांना मी एवढंच म्हणायचं होतं, की घटापर्यंत गाडी तुमचीच. सासूबाईसुद्धा चालतंय म्हणाल्या असत्या. बावीस वर्षांच्या पोरीला एका रात्रीत सुचलं, आणि मी चार वर्षं त्या म्हाताऱ्याची नक्कल करून लोकांना हसवत बसले.

मी नाशिकला फोन लावला.

"गाडी विकलीत? पंधरवड्यात?" काकांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"नाही. घटस्थापनेपर्यंत माझीच आहे." आणि मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिसरा उशीर. गेलेली नोकरी. घटस्थापनेला त्यांच्या तोंडावर मारलेली थाप. सगळीकडे त्यांच्यावर घातलेला आळ. "काका, तुम्ही किल्ली हातात दिली होतीत. मीच घेतली नाही."

"अहो, हे मला काय सांगता?" काका म्हणाले. "मी होतोच की तिथे. ज्यांना दुसरं सांगितलंत, त्यांना सांगा."

म्हणून सांगते आहे.